फेस विरला, बिल राहिलं : आग विझवणारं रसायन आणि साफसफाईचा सार्वजनिक पैसा

आजच्या व्याख्यानाचा विषय वाचून आपल्यापैकी काहींना वाटलं असेल की तत्त्वज्ञानाच्या निवृत्त प्राध्यापकाला आगीच्या बंबाशी काय देणंघेणं? शंका रास्त आहे. विषय वरवर रसायनशास्त्राचा दिसतो, पण त्याच्या पोटात एक फार जुना प्रश्न दडलेला आहे. नासलेलं पाणी साफ करायचा खर्च कोणी करायचा?

किती जुना, ते सांगतो. प्लेटोचं 'रिपब्लिक' सगळे विद्यार्थी वाचतात, पण त्याचा शेवटचा मोठा ग्रंथ 'लॉज' मात्र टाळतात. आम्ही शिकवत होतो तेव्हाही टाळायचे. त्याच्या आठव्या भागात शेती आणि पाण्याचे कायदे आहेत. प्लेटोचं म्हणणं साधारण असं आहे : माती, ऊन, वारा हे सहजासहजी नासवता येत नाहीत, पाणी मात्र येतं, म्हणून पाण्याला कायद्याची मदत लागते. मग तो शिक्षा सांगतो. ज्यानं दुसऱ्याच्या पाण्यात विष कालवलं असेल, त्यानं नुकसानीची भरपाई तर द्यायचीच, शिवाय तो झरा किंवा ते टाकं साफही करून द्यायचं.

इथे दोन गोष्टी वेगळ्या केल्या आहेत, बघा. भरपाई माणसाला द्यायची आणि सफाई पाण्याची करायची. एक केली म्हणून दुसरी होत नाही. आजच्या व्याख्यानात हा फरक आपल्याला वारंवार लागणार आहे, तेव्हा तो ध्यानात ठेवू या.

प्लेटोचं काम तसं सोपं होतं. त्याच्या कायद्यातला विष कालवणारा एकच आहे, त्यानं जाणूनबुजून ते केलंय, आणि तो शेजारीच राहतो. आपण आज ज्या इतिहासाकडे वळतो आहोत त्यात विष कालवणारे अनेक आहेत. त्यांतले निम्मे सरकारी आहेत, आणि सुरुवातीला तर सगळे जीव वाचवायलाच निघाले होते.

तारीख २९ जुलै १९६७. व्हिएतनामजवळच्या टोंकिनच्या आखातात अमेरिकेची 'फॉरेस्टल' ही विमानवाहू युद्धनौका उभी होती. विजेच्या एका झटक्यामुळे एका विमानावरचं रॉकेट आपोआप सुटलं आणि समोर उभ्या असलेल्या विमानाच्या इंधनाच्या टाकीवर आदळलं. डेकवर पेटतं इंधन पसरलं. साधारण दीड मिनिटात पहिला बॉम्ब फुटला, आणि आग विझवण्याचं खास प्रशिक्षण घेतलेल्या पथकातले बहुतेक जण त्या सुरुवातीच्या स्फोटांतच गेले. उरलेल्या खलाशांनी हाती येईल ते केलं. काहींनी फोम मारला, काहींनी समुद्राच्या पाण्याचे पाइप सोडले. त्या पाण्यानं फोम धुऊन नेला आणि पेटतं इंधन खालच्या मजल्यांवर उतरलं. एकूण १३४ माणसं मेली.

हे का झालं? पेट्रोलच्या आगीवर नुसतं पाणी मारून उपयोग नसतो. पेट्रोल पाण्यापेक्षा हलकं असल्यामुळे ते वर तरंगतं आणि जळत राहतं. इंधनावर पांघरुणासारखा पसरून हवा तोडणारा पदार्थ हवा होता. तो नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेत तयार झालेलाच होता. ३एम या कंपनीच्या साहाय्यानं तिथल्या शास्त्रज्ञांनी फ्लोरिनयुक्त रसायन मिसळलेला एक नवा फोम बनवला होता, आणि १९६६ मध्ये त्याचं पेटंटही मिळालं होतं. या रसायनामुळे पाण्याचा पृष्ठताण इतका कमी होतो की पाण्याचा पातळ पापुद्रा चक्क पेट्रोलच्या वर पसरतो. 'फॉरेस्टल'च्या आगीनंतर त्याचा स्वीकार झपाट्यानं झाला. १९६९ मध्ये लष्करी मानक ठरलं, आणि पुढे हा फोम जहाजांवर, हवाई तळांवर, नागरी विमानतळांवर आणि तेलशुद्धीकरण कारखान्यांत सगळीकडे पोचला.

त्यानं प्राण वाचवले, हे आपण आधी मान्य करायला हवं. पुढची गोष्ट सांगताना पुष्कळ लोक हे विसरतात. १३४ खलाशांचे मृत्यू पाहिलेल्या नौदलाला 'तुम्ही हा फोम का घेतला?' असं विचारण्यात अर्थ नाही. विचारायचा प्रश्न वेगळा आहे : तो फोम नंतर गेला कुठे?

तो जमिनीत गेला. खरी आग क्वचित लागते, सराव मात्र रोजचा असतो. हवाई तळाच्या एका कोपऱ्यात खड्डा खणायचा, त्यात इंधन ओतायचं, पेटवायचं आणि फोम मारून विझवायचं. खड्ड्याला खाली अस्तर नसायचं. हँगरमधल्या यंत्रणेची चाचणी घ्यायची, फोम गटारात सोडायचा. असं वर्षानुवर्षं आणि शेकडो ठिकाणी चाललं. फेस तासाभरात विरायचा, त्यामुळे काही शिल्लक राहिलंय असं कोणाला वाटायचंच नाही.

शिल्लक राहत होतं. कार्बन आणि फ्लोरिन यांचा बंध रसायनशास्त्रातल्या सर्वांत मजबूत बंधांपैकी एक आहे. ऊन, पाऊस, जंतू यांना तो सहसा तुटत नाही. या रसायनांच्या कुळाला आज 'पीफास' म्हणतात. त्यात हजारो पदार्थ येतात, आणि फोममधलं सर्वांत कुप्रसिद्ध रसायन म्हणजे पीएफओएस. ते पाण्याबरोबर खाली झिरपतं, भूजलात शिरतं, तिथून नळात, आणि नळातून रक्तात. काही पीफास शरीरातून बाहेर पडायला वर्षं लागतात. कोलेस्टेरॉल वाढणं, लसीला शरीराचा प्रतिसाद कमी मिळणं, मूत्रपिंडाचा कर्करोग यांच्याशी त्यांचा संबंध अभ्यासांतून दिसलेला आहे. मे २००० मध्ये ३एमनं पीएफओएसवर आधारलेलं उत्पादन थांबवत असल्याचं जाहीर केलं. ज्यांचा फोमशी काडीचाही संबंध नव्हता, अशा सामान्य माणसांच्या रक्तातही हे रसायन तोवर सापडलेलं होतं. २००९ मध्ये स्टॉकहोम कराराच्या यादीत पीएफओएसचा समावेश झाला. तोपर्यंत पहिल्या पेटंटला चार दशकं उलटून गेली होती.

आता एका गावाकडे जाऊ. अमेरिकेच्या न्यू हॅम्पशर राज्यात पोर्ट्‌समथ शहराजवळ पीस नावाचा हवाई तळ होता. पीस म्हणजे शांतता, पण नाव एका वैमानिकाचं. १९९१ मध्ये तळ बंद झाला आणि त्या जागेवर व्यापारी संकुल उभं राहिलं. कचेऱ्या आल्या, कारखाने आले, दोन पाळणाघरंही आली. तळ बंद होण्याच्या आधीच, १९९० मध्ये, ही जागा विषारी जागांच्या राष्ट्रीय यादीत गेलेली होती. सांडलेलं इंधन, यंत्रं पुसायची द्रावणं यांची सफाई तिथे वर्षानुवर्षं सुरू होती. म्हणजे सगळ्यांचं लक्ष त्या जमिनीवर होतं. फक्त फोम कोणी शोधत नव्हतं, कारण तो यादीत नव्हता.

मे २०१४ मध्ये तिथल्या हेवन नावाच्या विहिरीचं पाणी तपासलं गेलं. एका लिटरमध्ये पीएफओएस निघालं सुमारे २५०० नॅनोग्रॅम. नॅनोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा शंभर कोटीवा भाग. ऐकायला अगदीच क्षुल्लक वाटतं, नाही? पण अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेची त्या वेळची तात्पुरती सल्लावजा मर्यादा २०० होती. २०१६ मध्ये ती पीएफओएस आणि त्याचं भावंड पीएफओए या दोघांची मिळून ७० झाली. एप्रिल २०२४ मध्ये बंधनकारक मर्यादा ठरली ती प्रत्येकी ४. म्हणजे आजच्या मापानं हेवनच्या पाण्यात सहाशे पटींहून जास्त विष होतं. विहीर तातडीनं बंद झाली. पाळणाघरात जी मुलं ते पाणी पीत होती, त्यांच्या आया सरकारच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. आमच्या मुलांचं रक्त तपासा, एवढीच त्यांची पहिली मागणी होती. तीसुद्धा लगेच मान्य झाली नाही. नंतर राज्यानं दीड हजारांहून अधिक लोकांचं रक्त तपासलं. २०१५ मध्ये पर्यावरण संस्थेनं हवाई दलाला पाणी शुद्ध करण्याचा आदेश दिला. एका सरकारी खात्यानं दुसऱ्या सरकारी खात्याला.

इथून आपला मूळ प्रश्न सुरू होतो. मराठीत आपण सहज म्हणून जातो, करावं तसं भरावं. १९७२ मध्ये ओईसीडी या श्रीमंत देशांच्या संघटनेनं हेच अर्थशास्त्राच्या भाषेत मांडलं : प्रदूषण करणाऱ्यानं खर्च सोसावा. १९९२ च्या रिओ जाहीरनाम्यातही हे तत्त्व आलं. तत्त्व स्वच्छ आहे. पण पीसच्या विहिरीजवळ उभं राहून ते लावायला गेलं की हात अडखळतो. 'करणारा' इथे कोण?

कंपनी म्हणाली, सरकारनं सांगितलेल्या मानकाप्रमाणे आम्ही माल बनवला. लष्कर म्हणालं, आम्ही विकत घेतला आणि वापरला, त्यातल्या धोक्याची जाण आम्हाला नव्हती. नागरी विमानतळ म्हणाले, कायद्यानंच आम्हाला लष्करी मानकाचा फोम ठेवायला लावलं. आणि हे खरंच होतं. ती सक्ती उठवायला हवी असं अमेरिकी संसदेनं २०१८ मध्ये सांगितलं, आणि फ्लोरिन नसलेल्या फोमचं लष्करी मानक तयार झालं थेट २०२३ मध्ये. गावची पाणीपुरवठा संस्था म्हणाली, आम्ही फक्त विहिरीतून उपसून नळाला सोडलं. प्रत्येकाच्या बोलण्यात थोडं सत्य आहे. आणि हा वाद चालू असताना पाणी काही थांबत नाही, ते जमिनीखालून पुढच्या विहिरीकडे सरकतच असतं.

हा पेच अमेरिकेला नवा नव्हता, हे इतिहासाचा विद्यार्थी म्हणून नोंदवायला हवं. १९७८ मध्ये नायगारा फॉल्स शहरातल्या लव्ह कॅनॉल वस्तीत जुन्या रासायनिक कचऱ्याच्या खड्ड्यावर घरं आणि शाळा बांधल्याचं उघड झालं. त्या प्रकरणानंतर डिसेंबर १९८० मध्ये जो कायदा झाला, तो 'सुपरफंड' या नावानं ओळखला जातो. त्यातली कल्पना आमच्या मते विसाव्या शतकातल्या सर्वांत शहाण्या कल्पनांपैकी एक होती. तेल आणि रसायन उद्योगांवर कर बसवायचा आणि त्यातून एक निधी उभा करायचा. विषारी जागा सापडली की त्या निधीतून सफाई सुरू करायची. मग सवडीनं जबाबदार कोण ते शोधायचं आणि त्याच्याकडून वसुली करायची. कोणी सापडलाच नाही, किंवा त्याचं दिवाळं निघालेलं असलं, तरी सफाई अडायची नाही. पहिल्या पाच वर्षांसाठी हा निधी १.६ अब्ज डॉलरचा होता, आणि त्यातला बहुतांश पैसा या करांतून यायचा होता.

प्लेटोनं दोन वाक्यांत जे वेगळं केलं होतं, ते या कायद्यानं दोन टप्प्यांत वेगळं केलं. आधी पाणी, मग बिल.

पुढे काय झालं? या करांची मुदत १९९५ च्या अखेरीस संपली आणि संसदेनं ती वाढवली नाही. २००३ च्या सुमारास जुनी शिल्लकही सरली. त्यानंतर निधी चालला तो सर्वसाधारण तिजोरीतून, म्हणजे दरवर्षी संसद जे देईल त्यावर. फोमचं प्रकरण उघडकीला यायला लागलं तेव्हा ही पेटी रिकामी होती, आणि तिच्यामागचा विचारही लोक विसरून गेले होते. शिवाय या निधीतला पैसा केंद्र सरकारच्या स्वतःच्या जागांच्या सफाईला वापरता येत नाही. लष्करी तळांची सफाई संरक्षण खात्याच्या अंदाजपत्रकातून व्हायची. फोममुळे तपासणी करावी लागलेल्या लष्करी जागा ७०० हून अधिक आहेत. त्या सगळ्या एका रांगेत उभ्या, आणि दरवर्षीच्या तरतुदीची वाट पाहणाऱ्या. अशा रांगेत लहान गावाचा नंबर कधी लागणार, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

मोठा सार्वजनिक पैसा आला तो नोव्हेंबर २०२१ मध्ये. पायाभूत सुविधांच्या कायद्यात पीफास आणि तशा नव्या प्रदूषकांसाठी पाच वर्षांत १० अब्ज डॉलर ठेवले गेले. त्यांतले ५ अब्ज लहान आणि गरीब वस्त्यांसाठी होते, ४ अब्ज पिण्याच्या पाण्याच्या फिरत्या निधीला आणि १ अब्ज सांडपाण्याच्या बाजूला. याच कायद्यानं रसायनांवरचा जुना सुपरफंड कर पुन्हा लागू केला, आणि तेलावरचा कर पुढच्या वर्षीच्या कायद्यानं परत आणला. म्हणजे १९९५ ला सोडून दिलेला शहाणपणा पंचवीस वर्षांनी परत उचलला.

कंपन्यांचा पैसा दुसऱ्या वाटेनं आला. फोमचे हजारो खटले दक्षिण कॅरोलायनातल्या चार्ल्सटनच्या केंद्रीय न्यायालयात एकत्र केले गेले. 'आम्ही तर सरकारच्या सांगण्यावरून बनवलं' हा बचाव घेऊन ३एमनं खटल्याआधीच सुटका मागितली. न्यायाधीश रिचर्ड गर्गेल यांनी सप्टेंबर २०२२ मध्ये ती नाकारली. पहिला नमुना खटला फ्लोरिडातल्या स्टुअर्ट शहराचा होता आणि तो जून २०२३ मध्ये उभा राहायचा होता. तो सुरू व्हायच्या आतच ३एमनं सार्वजनिक पाणीपुरवठा संस्थांशी किमान १०.३ अब्ज डॉलरची तडजोड जाहीर केली. ड्युपाँट आणि तिच्यातून निघालेल्या कंपन्यांनी १.१८५ अब्ज डॉलर देऊ केले. ३एमनं दोष कबूल केला नाही, आणि तिचे पैसे २०३६ पर्यंत टप्प्याटप्प्यानं मिळायचे आहेत.

आकडे ऐकून डोळे दिपतात. पण नव्या मर्यादा पाळायचा खर्च खुद्द अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेनं दरवर्षी सुमारे १.५ अब्ज डॉलर धरला होता, आणि हा खर्च एकदाच करून सुटणारा नाही. कोळशाच्या गाळण्या भरतात, त्या बदलाव्या लागतात, आणि काढलेल्या गाळणीतलं विष कुठेतरी न्यावं लागतं. शिवाय ही तडजोड सार्वजनिक संस्थांशी झाली. ज्याच्या परसात स्वतःची बोअरवेल आहे, तो या तडजोडीत नाही. तळाच्या कुंपणाला लागून राहणाऱ्यांत अशी माणसं पुष्कळ असतात.

एप्रिल २०२४ मध्ये पर्यावरण संस्थेनं पीएफओएस आणि पीएफओए यांना सुपरफंड कायद्याखालचे घातक पदार्थ ठरवलं. त्याच वेळी संस्थेनं असंही जाहीर केलं की स्थानिक अग्निशमन दलं, सार्वजनिक विमानतळ, पाणीपुरवठा संस्था, सांडपाण्याचा खतगाळ शेतात घालणारे शेतकरी यांच्यामागे वसुलीसाठी लागण्याचा आमचा इरादा नाही. हा मुद्दा आम्हाला फार महत्त्वाचा वाटतो. हातात पाइप धरणारा आणि फायद्यासाठी माहिती दडवणारा, यांच्यात कायद्यानं फरक करायला हवा. नाहीतर चोर सोडून संन्याशाला सुळी, हेच व्हायचं.

हे अमेरिकेपुरतं नाही. दोन देशांकडे थोडक्यात बघू, कारण त्यांनी दोन वेगळी उत्तरं दिली.

ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्समधल्या विल्यमटाउन या हवाई तळाच्या आसपासच्या रहिवाशांना सप्टेंबर २०१५ मध्ये सांगण्यात आलं : बोअरचं पाणी पिऊ नका, घरच्या कोंबड्यांची अंडी खाऊ नका, जवळच्या खाडीतली मासळी नको. त्यांच्या जमिनीची किंमत रातोरात पडली. विल्यमटाउन, ओकी आणि कॅथरिन या तीन ठिकाणच्या लोकांनी केंद्र सरकारवर सामूहिक दावे लावले. २०२० मध्ये २१ कोटी २५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरवर तडजोड झाली. २०२३ मध्ये आणखी सात ठिकाणच्या सुमारे ३०,००० लोकांसाठी १३ कोटी २७ लाख ठरले. ही भरपाई प्रामुख्यानं मालमत्तेच्या घसरलेल्या किमतीची होती. देणारं सरकार होतं, म्हणजे करदाते होते, आणि त्या करदात्यांत विल्यमटाउनचे लोकही होते.

स्वीडनमध्ये रोनेबी नगरपालिकेतल्या कालिंगे इथे डिसेंबर २०१३ मध्ये ब्रांताफोर्सचं जलकेंद्र बंद झालं. शेजारच्या हवाई तळावरच्या फोमनं ते नासलं होतं, आणि गावातली सुमारे एक तृतीयांश घरं त्या केंद्रावर होती. रहिवाशांनी दावा लावला तो आपल्याच नगरपालिकेच्या मालकीच्या पाणी कंपनीवर. ५ डिसेंबर २०२३ ला स्वीडनच्या सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला : रक्तात पीफासचं प्रमाण इतकं वाढणं हीच शारीरिक इजा आहे, त्यासाठी आजार होण्याची वाट पाहायची गरज नाही.

हा निकाल मोठा आहे. जमिनीचा भाव पडला तर बाजार सांगतो, रक्तात काय आहे ते बाजार सांगत नाही. पण यातली विसंगतीही बघा. विष आलं लष्करी तळावरून आणि दोषी ठरली गावची पाणी कंपनी. पाणी तिनं विकलं होतं, एवढंच. गावकरी जिंकले, आणि ते ज्यांच्याकडून जिंकले ती कंपनी गावाचीच होती.

मग करायचं काय? इथे तत्त्वज्ञानाचा थोडा उपयोग होतो. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४६ मध्ये, कार्ल यास्पर्स या जर्मन तत्त्वज्ञानं अपराधाच्या प्रश्नावर एक छोटं पुस्तक लिहिलं. त्याच्यापुढे संदर्भ नाझी राजवटीचा होता. तो आणि हा सारखा आहे असं आम्ही मुळीच म्हणत नाही. पण त्यानं केलेला भेद इथे कामाचा आहे. गुन्ह्याची जबाबदारी वेगळी, ती त्या त्या व्यक्तीची, आणि तिचा निवाडा न्यायालयात होतो. राजकीय जबाबदारी वेगळी. राज्यानं जे केलं त्याचे परिणाम नागरिकांना सोसावे लागतात, मग त्यांनी व्यक्तिशः काही केलेलं असो वा नसो.

हा भेद फोमला लावून बघू. ज्या सुरक्षिततेचा फायदा सगळ्या समाजानं घेतला, विमानतळावर, जहाजावर, तेलाच्या डेपोवर, तिचं राहिलेलं बिल समाजानं भरण्यात अन्याय नाही. ती आपली राजकीय जबाबदारी आहे. म्हणून सार्वजनिक पैसा हवा आणि तो आधी हवा. तळाशेजारच्या कुटुंबावर केलेले ते उपकार नव्हेत, आपण सगळ्यांनी मिळून केलेल्या कर्जाची ती फेड आहे. पण ज्यांनी धोका ओळखूनही तो इतरांपासून झाकला असेल, त्यांची जबाबदारी या पैशानं पुसली जात नाही. त्यांच्याकडून वसुली झालीच पाहिजे, मग तिला वीस वर्षं लागोत. फक्त ती वीस वर्षं मुलांना ते पाणी प्यायला लावायची नाहीत.

उलटं केलं, म्हणजे आधी दोषी ठरवू आणि मग सफाई करू असं म्हटलं, तर काय होतं हे आपल्या देशानंही पाहिलं आहे. राजस्थानात उदयपूरजवळच्या बिछडी गावाच्या विहिरी रासायनिक कारखान्यांच्या घाणीनं नासल्या. फेब्रुवारी १९९६ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयानं त्या प्रकरणात 'प्रदूषण करणाऱ्यानं भरावं' हे तत्त्व ठामपणे लावलं. निकाल आजही कायद्याच्या वर्गात शिकवला जातो. पण पैसे भरायला टाळाटाळ झाली, अर्जांवर अर्ज झाले, आणि २०११ मध्ये त्याच न्यायालयाला पुन्हा तेच बजावावं लागलं, चक्रवाढ व्याजासकट. तत्त्व जिंकलं, आणि विहीर पंधरा वर्षं ताटकळली.

शेवटचा मुद्दा आपल्या अंगणातला आहे. इटलीत व्हेनेतो प्रांतातल्या त्रिस्सिनो गावी मितेनी नावाचा कारखाना होता. तो पीफास कुळातलीच रसायनं बनवायचा. त्यानं मोठ्या परिसरातलं भूजल दूषित केलं. २०१८ मध्ये त्याचं दिवाळं निघालं, आणि जून २०२५ मध्ये विचेंझाच्या न्यायालयानं ११ जणांना दोषी ठरवलं. मधल्या काळात, २०१९ मध्ये, त्या कारखान्याची यंत्रसामग्री लिलावात एका भारतीय उद्योगानं घेतली, आणि ती आली आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात, लोटे परशुरामला.

आम्ही इथे कोणावर आरोप करत नाही. यंत्र निर्जीव असतं. ते कसं चालवलं जातं, सांडपाण्याचं काय होतं, तपासणी कोण करतं, यावर सगळं अवलंबून आहे. पण फोमच्या साठ वर्षांच्या इतिहासातून काही प्रश्न आपल्याला आत्ताच विचारता येतात, आणि ते विचारायला विहीर नासायची वाट पाहायला नको. अशा उद्योगांकडून सफाईचा निधी सुरुवातीलाच ठेव म्हणून घेतला आहे का? उद्या दिवाळं निघालं तर कोकणातल्या पाण्याचं बिल कोणाच्या नावावर फाटणार? आपल्या विमानतळांवर आणि तेलाच्या डेपोंवर कोणता फोम आहे, आणि सरावानंतर तो कुठे सोडतात? तहान लागल्यावर विहीर खणायची आपली जुनी खोड आहे. इथे तर खणलेली विहीरच निकामी व्हायची भीती आहे.

पीसच्या त्या आयांनी पहिल्यांदा मागितलं ते रक्त तपासून घ्यायचं, पैसा त्यांनी मागितला नव्हता. आमच्या मुलांच्या शरीरात काय गेलं आहे ते आम्हाला कळू द्या, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. सफाईचा सार्वजनिक निधी खरं तर तिथूनच सुरू व्हायला हवा : तपासणीपासून. तपासणी स्वस्त असते. न तपासल्याची किंमत किती होते, त्याचे आकडे आपण आज ऐकले.

इथे थांबतो. आता प्रश्नांकडे वळू या.